ओट्यावरचं पाणी कुठे जातं?

वसुबारसेच्या संध्याकाळी सासूबाईंनी नव्या ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं. स्वयंपाकघराचं काम त्याच दुपारी संपलं होतं, निदान कंत्राटदाराच्या मते. ग्रॅनाइट चकाकत होतं, ट्रॉल्या अलगद बंद होत होत्या आणि आम्ही सगळे कौतुकाने बघत उभे होतो. पाणी क्षणभर जागेवर थबकलं. मग सिंककडे न जाता उलट शेगडीकडे निघालं, शेगडीच्या पायांना वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेलं आणि कोपऱ्यात तळं करून बसलं. "रोज रात्री हे कोणी उपसायचं?" एवढंच सासूबाई म्हणाल्या.

कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, दगड नवीन आहे, जरा बसू द्या." नवी चप्पल पायाला बसते, नवी सून घरात रुळते. ग्रॅनाइट मात्र ठेवलं त्या दिवशी जसं बसलं, तसंच जन्मभर बसतं.

तिथून पुढचे तीन महिने मी या एका विषयाचा अभ्यास केला. घरातली जुनी कामं, शेजारच्यांची कामं, ओळखीच्या एका आर्किटेक्टबाईंचे सल्ले आणि आमच्या नशिबी आलेले कारागीर या सगळ्यांतून एक गोष्ट पक्की कळली. स्वयंपाकघरातलं काम बिघडतं ते क्वचितच एखाद्या कारागिराच्या हातात. बिघडतं ते दोन कारागिरांच्या मधल्या जागेत, जिथे एकाचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. ती जागा सापडेपर्यंत केलेलं भांडण बहुधा चुकीच्या माणसाशी होतं. आमचंही झालं.

आधी ओट्याचंच घ्या. खाली कडप्प्याचे उभे पाय, त्यांवर आडवा कडप्पा, त्यावर सिमेंट-वाळूचा थर आणि वर साधारण १८ मिलिमीटर जाडीचं ग्रॅनाइट, अशी आपल्याकडची नेहमीची रचना. उतार ठरतो तो मधल्या थरात. जुना गवंडी त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन भिंतींना धरतो. दोन्हीकडची पाण्याची पातळी एकच असते, मध्ये कोपरा आला तरी. ही नळी फसते ती आत हवेचा बुडबुडा राहिला तरच. त्या खुणांपासून सिंकच्या बाजूला दोन-तीन सूत खाली उतरायचं, की झाला उतार. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फार उतारही कामाचा नाही, तव्यावरचं तेल एका बाजूला जमतं आणि घावन एकीकडे जाड, एकीकडे जळका होतो.

आमच्याकडे हे सगळं कुणीच केलं नव्हतं, कारण करायची गरज कुणालाच वाटली नव्हती. आमचं घर १९९८चं. जुना ओटा मजबूत होता म्हणून खालचा कडप्पा आणि थर तसाच ठेवायचं ठरलं. पैसेही वाचत होते. नव्या आराखड्यात सिंक कोपऱ्यातून खिडकीखाली आलं. प्लंबरने नळ आणि पाइप खिडकीखाली नेले. ग्रॅनाइटवाला आला, त्याला खालचा थर एकसारखा दिसला, त्याने वर दगड चिकटवला. थराला २५ वर्षांपूर्वीच्या गवंड्याने व्यवस्थित उतार दिला होता, जुन्या सिंककडे. म्हणजे आमच्या तांब्यातलं पाणी बरोबर आपल्या जुन्या पत्त्यावर गेलं होतं. हे मला कळलं ते मुलीच्या पाचव्या वाढदिवसाच्या फोटोवरून. त्यात ती कोपऱ्यातल्या सिंकसमोर स्टुलावर उभी आहे.

आता यात चूक कोणाची? प्लंबर बिनचूक, ग्रॅनाइटवाला आपल्या परीने बिनचूक, जुना गवंडी तर फारच बिनचूक. चूक या सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्याची, म्हणजे कंत्राटदाराची. पैसे त्याने त्याचेच घेतलेले असतात. पण तोही काम स्वतः करत नाही. तो फरशीचं काम चौरस फुटावर, ओट्याचं रनिंग फुटावर, सुतारकाम अंगावर वाटून देतो. फुटावर पैसे मिळणाऱ्या माणसाला लवकर फूट संपवण्यात रस असतो आणि त्यात गैर काही नाही. त्याचं पोट त्यावर आहे. शिवाय सगळ्यांनाच काम दिवाळीच्या आत हवं असतं. एकच सुतार चार घरांत विभागून काम करतो आणि प्रत्येक घरात 'उद्या नक्की' सांगतो. यात आपलाही वाटा असतो. तीन कोटेशनांतलं सगळ्यांत कमी आपणच निवडलेलं असतं, आणि काम अर्ध्यावर आल्यावर 'इथे एक पॉइंट वाढवून द्या ना' हेही आपणच म्हटलेलं असतं.

दुसरा महिना लागला आणि सिंकखालच्या कपाटाची तळफळी फुगायला लागली. लॅमिनेटची कड उचकटली, आत हात घातला तर प्लायवूड ओलं आणि मऊ. मी सुताराला बोलावून चांगलं झापलं. मरीन प्लायचे पैसे घेऊन भलतंच लावलंस, म्हणाले. तो बिचारा म्हणाला, "ताई, माल तुमच्यासमोर उतरवला होता." ते खरं होतं. मग आर्किटेक्टबाईंनी मला एक रविवार सकाळ कशी घालवायची ते सांगितलं. ती पद्धत सविस्तर सांगते, कारण गळतीचं भांडण सोडवायला याहून स्वस्त साधन मला अजून सापडलेलं नाही.

सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढायचं. पाइप, वॉशर, कोपरे सगळं कोरड्या फडक्याने पुसायचं आणि तळाशी वर्तमानपत्र अंथरायचं. वर्तमानपत्रावर एक थेंब पडला तरी डाग दिसतो आणि कुठे पडला तेही दिसतं. मग एका वेळी एकच गोष्ट करायची. आधी फक्त अँगल कॉकच्या जोडांना टिशू पेपर गुंडाळून दहा मिनिटं थांबायचं. तिथे पाणी कायम दाबाखाली असतं, त्यामुळे नळ बंद असतानाही गळतं. नंतर सिंकचं तोंड बंद करून सिंक भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. कागद भिजला तर दोष सिंकच्या तोंडाशी असलेल्या कपलिंगच्या जोडाचा. कोरडा राहिला तर बूच काढून सगळं पाणी एकदम सोडायचं. आता भिजला तर ट्रॅप किंवा खालचा पाइप. तरीही कोरडा असेल तर सिंक पुसून घ्यायचं आणि तांब्याने फक्त सिंकच्या काठावर, दगड आणि स्टील जिथे भेटतात तिथे, बारीक धार धरायची.

आमचा कागद शेवटच्या धारेला भिजला. मागच्या डाव्या कोपऱ्यात, रुपयाएवढा डाग, मग दुसरा.

खालून टॉर्च मारून पाहिलं. ग्रॅनाइटवाल्याने सिंकसाठी कापलेलं भोक मागच्या बाजूला मोठं झालं होतं. सिंकचा काठ दगडावर जेमतेम टेकला होता आणि उरलेली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली होती. स्टील गरम पाण्याने पसरतं, जड कुकर आपटला की थरथरतं. सिमेंटला असं हलणं सोसत नाही, त्याला केसाएवढी भेग पडते आणि पाण्याला तेवढी पुरते. इथे सिलिकॉन लागतं, कारण ते रबरासारखं ताणलं जातं. आणि सिलिकॉनही धूळ झाडलेल्या, कोरड्या खटखटीत जागेवर भरून एक दिवस पाणी न लावता वाळू द्यावं लागतं. आपल्याकडे ते संध्याकाळी भरतात आणि रात्री आपण भांडी घासतो.

म्हणजे सुतार निर्दोष? पूर्ण नाही. प्लायवूड खरंच चांगलं होतं. पण त्याने तळफळीच्या मागच्या कडेला पट्टी लावलेली नव्हती आणि पाइपसाठी पाडलेलं भोक आतून उघडंच होतं. दिसणाऱ्या कडा चकाचक, न दिसणाऱ्या कडा नागड्या. प्लायवूडबद्दलचा आपला एक मोठा गैरसमज इथे उघडा पडतो. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचं भारतीय मानक. त्यात तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. दुकानदार हे अभिमानाने सांगतो आणि आपण समजतो की याला पाणी लागतच नाही. ती परीक्षा असते थरांमधल्या डिंकाची, म्हणजे थर सुटतात का याची. लाकूड लाकूडच राहतं; कापलेल्या कडेतून ते पाणी पितं आणि फुगतं. त्यामुळे साधं आयएस ३०३चं बीडब्ल्यूआर प्लाय सगळ्या कडा बंद करून लावलेलं असेल, तर उघड्या कडांच्या मरीनपेक्षा ते जास्त टिकलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. मार्क मात्र बघावाच. प्रत्येक फळीवर आयएसआय शिक्का आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या ॲपवर टाकला की कंपनीचं नाव कळतं. शिक्क्याचा फोटो फळी कापायच्या आधी काढायचा. लॅमिनेट चढलं की शिक्का कायमचा झाकला जातो.

जरा विषयांतर. आपल्या घरात रात्री ओटा धुतात. पुसत नाहीत, धुतात, वर खराट्याने किंवा वायपरने पाणी ओढतात. कडप्प्याच्या फळ्यांच्या ओट्याला ते चालायचं; दगड कितीही भिजला तरी त्याचं काय जातं? मॉड्युलर किचन हे लाकडी कपाटांवर ठेवलेला ओटा या कल्पनेतून आलं आहे, आणि ते ओल्या फडक्यापलीकडे पाणी गृहीत धरत नाही. आपण दिसायला ते घेतलं आणि सवय जुनी ठेवली. म्हणून सिंकखालची दोन-तीन फूट जागा तरी कडप्प्याची किंवा स्टीलची ठेवावी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. सुंदर दिसत नाही. दार लावलं की कोणालाच दिसत नाही.

सिंकच्या निकालानंतर मी घरभर शोध घ्यायला निघाले. सासूबाईंच्या टिकल्यांचं एक रंगीत पाकीट होतं, ते घेतलं. जिथे दोष दिसेल तिथे टिकली लावायची आणि वहीत क्रमांक, जागा, तारीख लिहायची. लाल टिकली म्हणजे दुरुस्त झाल्याशिवाय वापरायचंच नाही. हिरवी म्हणजे दुरुस्त व्हायलाच हवं, पण महिनाभर थांबता येईल. काळी म्हणजे नुसतं डोळ्याला खुपतं. एकतीस टिकल्या लागल्या. गंमत म्हणजे आम्ही ज्यावरून दिवाळीभर कुरकुरत होतो, त्या बहुतेक गोष्टी काळ्या निघाल्या आणि लाल चारच होत्या. त्या चारपैकी सिंक सोडलं तर एकाकडेही आमचं लक्ष गेलं नव्हतं.

पहिली लाल टिकली गॅसच्या नळीवर. ट्रॉलीवाल्याने नळी कप्प्याच्या मागून नेली होती आणि कप्पा आत ढकलला की त्याची मागची धार नळीला घासत होती. गॅसची सुरक्षा होज दीड मीटरपेक्षा लांब नसावी, पूर्ण लांबीभर डोळ्यांना दिसावी आणि पाच वर्षांनी बदलावी, असा नियम आहे. भिंतीतून किंवा कपाटामागून लपवून नेणं म्हणजे तिची तपासणीच बंद करणं. पाइप गॅस असेल तर कंपनीची लाइन कंत्राटदाराच्या प्लंबरने सरकवायची नाही. त्यासाठी कंपनीचाच माणूस बोलवायचा, चार दिवस थांबावं लागलं तरी.

दुसरी फ्रिजच्या सॉकेटवर. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर आत गुंडाळून ठेवलेली, जोडलेलीच नाही. फरशीवाल्याने बॉक्स तिरपा बसवला, त्यात इलेक्ट्रिशियनचा हात नीट पोचेना, म्हणून दोन वायरींवर भागवलं. पुन्हा दोघांमधली जागा. इथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. विजेचा धक्का बसू नये म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावतात आणि महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्ट बटण दाबायला सांगतात. ते दाबून खटका पडला की आपण निर्धास्त होतो. पण ते बटण यंत्राची स्वतःची तपासणी करतं, आपल्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे त्याला कळत नाही. अर्थिंग प्रत्येक सॉकेटवर वेगळं तपासून घ्यावं लागतं. तीन दिव्यांचा एक छोटा टेस्टर मिळतो, तो खुपसला की कळतं. त्याच वेळी वायरची जाडीही विचारावी. २००० वॅटची इंडक्शन शेगडी साधारण पावणेनऊ अँपिअर खाते, १५०० वॅटची किटली साडेसहा. दोन्ही एकाच बोर्डावर चालली तर पंधराच्या पुढे गेलंच. सोळा अँपिअरच्या सॉकेटमागे अडीच चौरस मिलिमीटरची वायर असायला हवी. बटण किंवा प्लग हाताला गरम लागला, तर तो बोलतोय असं समजावं.

शेवटची लाल टिकली ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपवर. हा शब्द देशभरच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत आणि प्लंबिंगच्या दुकानांत याच नावाने चालतो, आणि तो आपल्या न्हाणीतून गेलेला आहे याचं मला उगाच बरं वाटतं. त्याच्या पोटात दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि त्या पाण्यामुळे गटाराचा वास व झुरळं वर येत नाहीत. फरशी बसवताना ट्रॅपचं तोंड फडक्याने बंद करायचं असतं. आमच्या फरशीवाल्याने केलं नाही. सिमेंटचा गाळ आत जाऊन दगड झाला. थोडं पाणी जायचं म्हणून लक्षात आलं नाही. बादली एकदम ओतली तेव्हा वॉशिंग मशीनच्या पायापर्यंत चढलं. पाणी जाणाऱ्या प्रत्येक जागी बादलीच ओतून बघावी.

फरशांविषयी थोडक्यात. नाण्याने वाजवा. भरीव ठिकाणी टणटण, पोकळ ठिकाणी बद्द. भिंतीवरच्या सिरॅमिक टाइल पाणी पितात, म्हणून त्या भिजवून सिमेंटवर लावलेल्या चालतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे नुसतं सिमेंट तिला धरत नाही. तिला आयएस १५४७७ मानकाचं टाइल ॲडेसिव्ह लागतं. कारागीर वेळ वाचवायला चार कोपऱ्यांत आणि मध्ये मसाल्याचे गोळे लावून टाइल दाबतो, मग गोळ्यांच्या मध्ये हवा राहते. भिंतीच्या टोकाला एखादी टाइल बद्द वाजली तर मी भांडणार नाही. सिंकमागे, ड्रिल मारायच्या जागी आणि फ्रिजखाली वाजली तर भांडेन. आणि शेगडीमागच्या टाइलमधल्या दरजा साध्या सिमेंटच्या ग्राउटने भरल्या असतील तर फोडणीच्या हळदीने त्या महिन्यात पिवळ्या होणार. ती कारागिरी वाईट नाही, तो चुकीचा माल आहे. एपॉक्सी ग्राउट महाग पडतं पण डाग धरत नाही.

कंत्राटदाराला टिकल्यांसकट स्वयंपाकघर दाखवलं. तो आधी हसला, मग मोजायला लागला, मग हसायचा थांबला. तोंडी तक्रार हवेत विरते आणि रागावलेल्या बाईची तक्रार तर त्याहून लवकर विरते. भिंतीवर चिकटलेली एकोणीस नंबरची हिरवी टिकली तिथेच राहते. आम्ही यादी त्याच्यासमोर वाचली, प्रत्येकापुढे तारीख लिहिली, आणि रात्री तीच यादी फोटोंसह व्हॉट्सॲपवर पाठवून 'ठीक आहे' असं त्याचं उत्तर मिळवलं. ते उत्तर फार मोलाचं. पुढे प्रकरण वाढलं तर हा दोष मान्य होता, हे त्यातून दिसतं.

पण खरं सांगायचं तर कामाला आली ती यादीही नव्हे, अडकवून ठेवलेली रक्कम. साडेचार लाखांच्या कामातले पंचेचाळीस हजार आम्ही द्यायचे ठेवले होते, तेही हुशारीने नाही, बँकेला सुट्टी होती म्हणून. सरकारी बांधकामांत हा शहाणपणा नियमातच असतो: ठेकेदाराच्या बिलातून अनामत कापून ठेवतात आणि दोषदायित्वाचा काळ उलटला की परत देतात. घरकामातही शेवटचे दहा टक्के महिनाभर वापर झाल्यावर देण्याचं आधीच लिहून घ्यावं. आधीच, हे महत्त्वाचं. काम संपल्यावर अचानक पैसे अडवले तर ती आपली दांडगाई दिसते. आणि ज्या कामात खोट नाही त्याचे पैसे तरी लगेच द्यावेत. अर्थिंग जोडून झाल्यावर आम्ही इलेक्ट्रिशियनची मजुरी पोचती केल्याची खात्री केली, कारण कंत्राटदार 'ताईंनी पैसे दिले नाहीत' म्हणून त्याला टांगून ठेवणार हे उघड होतं. आणि मग तो पुन्हा कशाला आमच्या दारात येईल?

कंत्राटदार फोनच उचलेनासा झाला तर? आपल्या बाजूने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन उक्तं केलेलं काम ही सेवा, आणि त्यातली हयगय ही सेवेतली त्रुटी. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते; कंत्राटदार कुठलाही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, त्रुटी घडल्यापासून मोजायची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि कित्येकदा लेखी नोटीस गेल्यावरच फोन उचलला जातो. ग्राहक पंचायतीचा सल्लाही घ्यावा. ही चळवळ १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केली आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून काम करते. रोजंदारीवर आपणच ठेवलेल्या, आपल्याच हुकमाने काम करणाऱ्या माणसाविरुद्ध मात्र ही वाट अवघड आहे. तिथे तो सेवा पुरवणारा की आपला नोकर, हा प्रश्न उभा राहतो.

आयोगापुढे लागतात कागद. इथे आपण मराठी माणसं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतो, निम्मे पैसे रोख देतो, आणि मग कामच झालं नाही असं समोरचा म्हणाला तर दाखवायला काही नसतं. आम्ही वाचलो ते बहुतेक पैसे यूपीआयने दिले म्हणून. दोष तिऱ्हाइताकडून तपासून त्याचा लेखी अहवाल घ्यावा, एखाद्या आर्किटेक्टचा किंवा चार्टर्ड इंजिनिअरचा. आणि एक करू नये: पुरावा म्हणून गळती तशीच गळू देऊ नये. १८७२च्या करार कायद्यातच म्हटलं आहे की नुकसान मोजताना, ते टाळायला हाताशी काय उपाय होते हेही बघितलं जाईल. फोटो काढा, अहवाल घ्या, समोरच्याला लेखी मुदत द्या. ती उलटली की दुसऱ्याकडून दुरुस्त करून त्याचं बिल ठेवा.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला, तर बिल्डरने तो कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण आपण चावी मिळताच बिल्डरचा ओटा फोडून नवा केला, पाइप फिरवले, आणि वर्षाने खालच्यांच्या छताला ओल आली, तर बिल्डर आपल्या सुताराकडे बोट दाखवणारच. फोडण्याआधी मूळ पाइप, मूळ फरशी, मूळ उतार यांचे फोटो काढून ठेवा. खालच्या मजल्याचं म्हणाल तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीची, आपल्या सिंक-न्हाणीची गळती आपली. म्हणून ड्राय बाल्कनीचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशी घालण्याआधी तिथे एक दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या काकूंकडे चहाला जाऊन छताकडे बघायचं. आमच्याकडे ते राहून गेलं. अजून तरी काकूंचं छत कोरडं आहे. दर पावसात मी विचारून येते.

चार लाल टिकल्या आठवड्यात गेल्या. सिंक काढून भोकाच्या मागच्या काठाला ग्रॅनाइटची पट्टी चिकटवली, वर सिलिकॉन भरलं, आणि दोन दिवस आम्ही भांडी बाल्कनीत घासली. तळफळी नवी आली; या वेळी सुताराने मागच्या कडेची पट्टी मला मुद्दाम दाखवली. त्याला झापल्याबद्दल मी माफी मागितली. तो म्हणाला, "चालतं ताई, सगळ्या घरांत पहिली शिवी सुतारालाच असते." हिरव्या टिकल्या संपायला संक्रांत उजाडली. काळ्यांपैकी निम्म्या मी स्वतःच काढून टाकल्या. दोन दारांच्या फटी सूतभर कमीजास्त आहेत, एका टाइलवरची वेल शेजारच्या टाइलवर नीट जुळत नाही. हे मी आता विसरूनही जाते.

उरला उताराचा प्रश्न. ग्रॅनाइट उचकटायचं तर सिंकच्या भोकापाशी ते तडकण्याचा धोका मोठा, कारण तिथे दगडाची पट्टी अगदी अरुंद उरलेली असते. आर्किटेक्टबाई म्हणाल्या, पैसे कापून घे आणि दगडाला हात लावू नकोस. बारा हजार कापले. कंत्राटदाराने घासाघीस करून दहा केले, मग उरलेल्या पैशांची पावती माझ्याकडे बघून न बघितल्यासारखी फाडली आणि दिली.

सासूबाईंनी कोपऱ्यात एक छोटा रबरी वायपर टांगला आहे. रात्री ओटा धुतला की पाणी अजूनही आधी जुन्या सिंकच्या जागी जातं, आणि त्या ते ओढून खिडकीखाली आणतात.